मुंगीचा कान

बालवाडीच्या सतरंजीवर पालकांची बैठक भरली होती. पालक म्हणजे आयाच. दोन बाप दारापर्यंत आले, आत नुसत्या बायका बघून "हे बायकांचंच दिसतंय" असं म्हणाले आणि चपलासुद्धा न काढता परत फिरले.

बाई वयाने लहान होत्या, पण रोज पोरांवर ओरडून आवाज म्हातारा झाला होता. त्या म्हणाल्या, "मदतनीस मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात. मला दुपारी खालच्या वस्तीवर तान्ह्या बाळांची वजनं घ्यायला जावं लागतं. तेव्हा पोरं झोपलेली असतात, त्यांच्याजवळ कुणी मोठं माणूस नको? म्हणून आपण पाळ्या लावू. रोज एका घराने यायचं. काम काही नाही, नुसतं थोपटायचं."

वीटवाली मागे भिंतीला टेकून बसली होती. ती थेट चिखलातून उठून आली होती. पोटऱ्यांवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता आणि सतरंजीवर त्याचे पोपडे पडू नयेत म्हणून तिने पाय अंगाखाली दुमडून घेतले होते. पायांना मुंग्या आल्या तरी ती हलली नाही.

"बाई, आमचा हंगाम आहे," ती म्हणाली. "भट्टी लागेपर्यंत मला नाही जमायचं. एकदा भट्टी लागली की राहिलेल्या सगळ्या पाळ्या भरून काढीन."

"हंगाम काय, सगळ्यांनाच असतो," पुढून कुणीतरी पुटपुटलं. दोघी-तिघींनी मान वळवून तिच्याकडे बघितलं, आणि मग तिच्या पायांकडे.

तेवढ्यात शिंपीणबाई म्हणाली, "वीटवाल्या वहिनींची पाळी मी घेते की! आणि ज्यांना ज्यांना जमत नाही त्यांचीही. माझं काय, हाताचं मशीन आहे, उचलून आणलं की झालं. पोरं झोपली की मी आपली शिवत बसेन."

झालं! बाईंनी हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. बायका म्हणाल्या, माणूस असावं तर असं. वीटवालीनेही "बरं झालं बाई" असं म्हटलं, पण तिच्याकडे बघितलं नाही. शिंपीण या गावात येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. नवरा लांबच्या गाड्या चालवायचा, ही रस्त्याकडेच्या एका खोलीत शिवण घेऊन बसायची. गोरी, नीटनेटकी, बोलायला गोड.

घरी जाऊन वीटवाली सासूला म्हणाली, "कानामागून आली आणि तिखट झाली."

"तुझं काम केलं तिने," सासू म्हणाली. "तिखट तुला का लागतंय?"

वीटवाल्यांचं घर गावाबाहेर ओढ्याच्या काठी होतं. दोन खोल्या, आणि त्या सगळ्या गिऱ्हाइकांनी नाकारलेल्या विटांच्या: कुठे तडकलेली, कुठे वाकडी, कुठे जळून काळी पडलेली. नवरा हसून म्हणायचा, आपल्या घराला जगातली सगळी टाकलेली माणसं उभी आहेत. घरासमोर मोकळं अंगण, अंगणात चिखलाचा खड्डा, आणि पलीकडे भट्टीची जागा.

उजाडायच्या आत नवरा खड्ड्यात उतरून चिखल तुडवायचा. ती घमेल्याने तो वाहायची. तो साच्यात चिखल दणकून भरायचा, वरचा जादा तारेने कापायचा आणि साचा उलटा करून जमिनीवर ओली वीट सोडायचा. सासू पुढे पुढे राख भुरभुरत जायची, म्हणजे वीट जमिनीला धरायची नाही. दुपारपर्यंत अंगणात ओल्या विटांच्या रांगा लागायच्या. मग उन्हाने जरा घट्टपणा आला की त्या आडव्या विटा उभ्या करायच्या. ते काम फक्त वीटवालीचं. कच्च्या विटेला बोटं लावायची नसतात. दोन्ही तळव्यांच्या मधे धरायची, जरा श्वास रोखायचा आणि एका झोकात उभी करायची. नवऱ्याला ते उभ्या जन्मात जमलं नव्हतं. त्याने उचललेली वीट त्याच्या पंजाचा ठसा घेऊनच उठायची.

यंदा आभाळाचं लक्षण मात्र ठीक नव्हतं. अजून पावसाचे दिवस नव्हते, तरी दुपार झाली की डोंगराच्या मागून काळं काहीतरी डोकं वर काढायचं आणि संध्याकाळी वाऱ्याने निघून जायचं. भट्टी रचून पेटवायच्या आत ते बरसलं असतं तर सगळ्या हंगामाच्या विटांचा परत चिखल झाला असता. म्हणून तिघंही जिवाच्या कराराने राबत होती. आणि मुंगी बालवाडीत होती.

मुंगी म्हणजे त्यांची लेक. नाव दुसरं होतं, पण चालायला लागल्यापासून ती सारखं काहीतरी ओढत, उचलत एका जागेवरून दुसऱ्या जागी नेत असायची, म्हणून मुंगी. पोर तशी गुणी. खोड एकच. झोपताना तिला आईचा कान लागायचा. काही पोरं अंगठा चोखतात, काही चादरीचं टोक घेतात. मुंगी आईचा डावा कान मुठीत घ्यायची, अंगठ्याने चोळत राहायची, आणि चोळता चोळता कधी झोप लागायची ते कळायचं नाही. झोपेतही मूठ सुटायची नाही. वीटवाली तशीच एका कुशीवर अवघडून पडायची. दिवसभर ओझं वाहिलेली मान रात्रीही सरळ व्हायची नाही. "कान लांब होईल माझा एक दिवस, गाढवासारखा," असं ती म्हणायची. पण हे सांगताना तिचा चेहरा दागिना दाखवणाऱ्या बाईसारखा व्हायचा.

आता मुंगी रोज बालवाडीतून शिंपीणकाकूंच्या बातम्या आणू लागली.

"काकू म्हणतात, जेवायच्या आधी हात धुवायचे."

"मीपण तेच म्हणते."

"तू ओरडून म्हणतेस. काकू गाण्यात म्हणतात."

दुसऱ्या दिवशी काकूंनी कापडाचा ससा केला होता. मग काकूंनी केस विंचरले होते. मग एका दिवशी मुंगीच्या फ्रॉकला पिवळा खिसा आला. तो नेमका अशा जागी होता, जिथे फ्रॉक फाटला होता. ते फाटकं शिवू शिवू म्हणताना वीटवालीचा महिना गेला होता.

खिसा बघून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मुंगी झोपल्यावर तिने फ्रॉक घेतला आणि दाताने टाके तोडून खिसा उसवून टाकला. आतलं भोक परत तोंड वासून तिच्याकडे बघू लागलं.

"फाटकं घालशील, पण दुसरीने शिवलेलं नाही?" सासू अंथरुणातून म्हणाली. "काय गं पोटात दुखतंय तुझ्या?"

"टाके कच्चे होते. आपोआप निघाले."

सकाळी मुंगीने रडून घर डोक्यावर घेतलं आणि सुटा खिसा मुठीत धरून बालवाडीत गेली. दिवस कलल्यावर परत आली तेव्हा खिसा जागेवर होता. "काकू म्हणाल्या, आईला सांग, टाके कच्चे राहिले होते, माझंच चुकलं. आता दुहेरी घातलेत."

यात टोमणा शोधायचा वीटवालीने खूप प्रयत्न केला. तो सापडला नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

आणि मग ती संध्याकाळ आली. दिवसभर वारा होता, अंगण राखेने भरलं होतं. दमून ती मुंगीशेजारी आडवी झाली आणि सवयीने डावा कान पुढे केला. मुंगीने धरला, दोनदा चोळला आणि सोडून दिला.

"काय झालं?"

"तुझा कान खरखरीत आहे."

"माती लागली असेल. थांब, पुसते."

"काकूंचा मऊ आहे," मुंगी म्हणाली आणि कूस बदलून, स्वतःचीच मूठ गालाखाली घेऊन झोपून गेली.

वीटवाली तशीच पडून राहिली. मान सरळ होती, कान मोकळा होता, हवं तसं झोपता आलं असतं. तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. काकूंचा कान. म्हणजे रोज दुपारी हे चाललं होतं. हात धुणं, केस, खिसा, ससा, सगळं घेतलं ते घेतलं, कानसुद्धा? सकाळी ओढ्यावर जाऊन तिने दगडाने कान असा घासला की तो लालभडक झाला आणि मागून सोलला.

बाईंनी बालवाडीच्या पायरीसाठी थोड्या पक्क्या विटा मागितल्या होत्या. ते काम सवडीने करायचं होतं. पण वीटवालीने त्याच दिवशी भर दुपारी विटा डोक्यावर घेतल्या.

बालवाडीत सामसूम होती. खाली चपलांचा ढीग, वर पत्रा तापलेला. तिने विटा आवाज न करता पायरीशी उतरवल्या आणि खिडकीच्या गजातून आत डोकावलं. पोरं सतरंजीवर रांगेने पडली होती, थेट तिच्या अंगणातल्या विटांसारखी. कडेला शिंपीण बसली होती. मशीन बाजूला होतं, त्यावर अर्धी शिवलेली बाही तशीच लोंबत होती. शिंपीण एका अंगावर पार कलली होती, एक हात जमिनीला टेकवून, मान वाकडी करून. आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून मुंगी झोपली होती. मुठीत कान.

शिंपिणीने डोळे मिटले होते. चेहऱ्यावर अशी काही तृप्ती होती की वीटवालीला नजर काढवेना. चोरी होताना बघावी आणि चोर म्हणून ओरडताही येऊ नये, तसं तिचं झालं. पोरीला कुणी मारलं असतं तर ती आत घुसून भांडली असती. प्रेम केलं म्हणून कुणाशी भांडायचं? ती गजाला धरून उभी राहिली, गज चटके देत होता. मग पाय न वाजवता निघून आली.

पण मनात लागलेली आग काही विझली नाही. संध्याकाळी हापशीवर बायकांची गर्दी होती. वीटवालीने हंडा खाली ठेवला, दांडा हातात घेतला आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, "बालवाडीत सतरंजीवर सुई सापडली म्हणे."

"सुई? कुणाला?"

"कुणास ठाऊक. ऐकलं बाई मी आपलं. मशीन असतं ना तिथे."

एवढंच. तिने हंडा भरला आणि घरी आली. त्या 'म्हणे'ला मात्र पाय फुटले. चुली पेटेपर्यंत एका सुईच्या दोन सुया झाल्या, जेवणं होईपर्यंत त्यांना गंज चढला, आणि सकाळी एका आजीने तर कुणाच्या तरी पोराच्या टाचेतून काढलेली सुई स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती.

दुसऱ्या दिवशी आया बालवाडीच्या दारात गोळा झाल्या. वीटवालीही मुंगीला सोडायला म्हणून मागे उभी राहिली. शिंपिणीच्या मशीनला दोरीने एक लोहचुंबक बांधलेला असायचा; रोज उठायच्या आधी ती तो सतरंजीवरून फिरवायची. आज तिने तो सगळ्यांसमोर फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गुडघ्यांवर रांगत. कोपऱ्यात एक जुनी टाचणी आणि खिळ्याचं डोकं निघालं. सुई निघाली नाही.

"आज नाही, उद्या असेल," एकजण म्हणाली. "पोरांचा जीव आहे बाई."

बाई ओशाळून म्हणाल्या, "काकू, मशीन तेवढं घरी ठेवाल का?"

शिंपीण उठली. तिच्या गुडघ्यांना सतरंजीची धूळ लागली होती. तिने चुंबकाची दोरी हाताला गुंडाळली. "मशीन घरी ठेवलं तर खाऊ काय?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ज्याच्या त्याच्या पाळ्या ज्याने त्याने करा. मी माझी एकटीची करीन."

तिने मशीन उचललं. पायरीवरून उतरताना ते तिच्या नडगीला लागलं, पण कुणी पुढे होऊन धरलं नाही. वीटवालीनेही नाही.

वीटवालीची स्वतःची पाळी आली ती नेमकी नको त्या दिवशी. सकाळपासून हवा कोंडली होती. अंगणभर कच्च्या विटा होत्या आणि डोंगरामागचं काळं आज दुपारची वाट न बघता वर आलं होतं.

"आज नको जाऊस," नवरा म्हणाला. "आभाळ बघ. ताडपत्री ओढायला मी आणि आई पुरे पडू का?"

"माझी पाळी आहे."

"बदलून घे."

"कुणाशी बदलू?" ती म्हणाली. नवऱ्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं; तो ताडपत्री उलगडायला लागला. सासूने मात्र तिच्याकडे एकदा रोखून पाहिलं.

ती नीट अंघोळ करून, धुवट कपडे घालून गेली. दोन्ही कानांना तिने घरातलं तेल चोपडलं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं चमकेपर्यंत. दोन दिवस कान आतून बाहेरून मऊ करायचं तिचं हेच चाललं होतं.

बाई वजनकाटा घेऊन खालच्या वस्तीवर गेल्या. वीटवालीने पोरांना रांगेत झोपवलं, थोपटलं. तिचा हात जड. एकदोघांना थापट बसल्यासारखी वाटून ती पोरं उठूनच बसली. गाणं तिला येत नव्हतं. चिखल तुडवताना नवरा जे म्हणायचा ते तिने हळू आवाजात म्हटलं, आणि आश्चर्य म्हणजे पोरं डोळे मिटू लागली. मग ती सतरंजीच्या कडेला आडवी झाली आणि कान वर करून म्हणाली, "मुंगे, ये. बघ किती मऊ केलाय."

मुंगी खिडकीशी उभी होती. "काकू कधी येणार?"

"आज माझी पाळी आहे ना? मी आलेय ना?"

"काकू का येत नाहीत?"

वीटवालीने कान आणखी पुढे केला. मुंगी गजांना धरून रस्त्याकडे बघत राहिली. वीटवाली पडून तिच्या पाठीकडे बघत राहिली. हीच ती खिडकी. एवढा खटाटोप करून, खोटं बोलून, हंगामाच्या विटा उघड्यावर टाकून तिने ही दुपार मिळवली होती, आणि पोर पाठ फिरवून उभी होती. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

तेवढ्यात कोपऱ्यातून कुणीतरी सरपटत आलं. शिंपिणीचा मुलगा होता, भोपळ्या. गोल तोंड, गोल पोट, कायम एकटा. आई सगळ्या पोरांना झोपवायची तेव्हाही तो कोपऱ्यात चुंबकाशी खेळत पडायचा. तो तिच्या डोक्याशी येऊन बसला, कानाकडे थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "हा कान रिकामा आहे का?"

वीटवालीला हसूही आलं आणि रडूही. "रिकामाच आहे बाबा. घे."

त्याची बोटं चिकट आणि गरम होती. मुंगी चोळायची, हा नुसता धरून ठेवायचा. "छान वास येतो," तो म्हणाला, आणि बघता बघता घोरायला लागला.

पत्र्यावर वारा सरकला. खिडकीशी मुंगीने मागे वळून बघितलं. आधी नुसतं बघितलं. मग तिचे डोळे मोठे झाले, आणि झोपलेल्या पोरांच्या हातापायांवरून धाडधाड पावलं टाकत ती आली.

"तो माझा कान आहे!"

"हळू गं! दुसरा घे, इकडचा घे."

"तो नको! हा माझा! माझा आहे हा!" तिने भोपळ्याची बोटं एकेक करून ओढून काढली आणि कान दोन्ही हातांनी असा धरला की वीटवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. भोपळ्या उठून बसला आणि त्याने भोकाड पसरलं. मुंगी आईला बिलगून, कान ताणून धरून त्याच्याकडे डोळे वटारून बघत होती.

खोटं कशाला बोला, वीटवालीला आनंद झाला. नुसता आनंद नाही, तिचा जीव सुपाएवढा झाला. लेक तिच्यासारखीच जळत होती, आणि तिच्यासाठी जळत होती!

मग तिने वर पाहिलं. दारात शिंपीण उभी होती. आभाळ बघून पोराला न्यायला आलेली, हातात मिटलेली छत्री. ती केव्हाची उभी होती कुणास ठाऊक.

"त्याने तुमचा कान धरला होता," शिंपीण म्हणाली.

"रिकामा आहे का, म्हणून विचारलं त्याने. मी आपलं..."

"माझा कधी धरत नाही. मशीनच्या तेलाचा वास येतो म्हणतो. किती साबण लावला, किती घासलं." तिने स्वतःच्याच कानाला हात लावला. "तुमच्या मुंगीने धरला तेव्हा मी दुपार दुपार हलायचे नाही. मान आखडायची, शिवण पडून राहायची. म्हटलं, आपला नाही तर नाही, कुणाचं तरी पोर धरतंय ना."

तिचा चेहरा बघून वीटवालीला वाटलं, हा चेहरा आपल्या ओळखीचा आहे. त्या दिवशी गजाबाहेर आपला असाच झाला असणार.

"सुई नव्हती," ती म्हणाली.

"काय?"

"सतरंजीवर. सुई नव्हतीच. हापशीवर मी म्हणाले."

शिंपिणीने छत्री दाराला टेकवून ठेवली. भोपळ्या हुंदके देत होता. मग ती म्हणाली, "सगळ्यांवर संशय घेतला मी. तुमच्यावर नाही घेतला. म्हटलं, हिची पाळी आपण घेतली, ही कशाला बोलेल." ती आत येऊन खाली बसली. "आणि हापशीवर बोललात, ते इथे एकटीला सांगून काय उपयोग?"

वीटवालीने मान खाली घातली. त्याच वेळी पत्र्यावर टपकन एक थेंब वाजला. मग दुसरा. दोघींनी वर बघितलं.

"विटा?" शिंपिणीने विचारलं.

"सगळं अंगण भरलंय."

"मग जा. पोरांजवळ मी बसते."

जा म्हणणं सोपं होतं. मुंगी एवढ्या रागारागातही कान धरल्याबरोबर पेंगायला लागली होती, मूठ घट्ट होती. ती सोडवायची आणि तिला कुणाजवळ ठेवायची? आताच तर कान परत मिळाला होता. वीटवालीने शिंपिणीकडे बघितलं, मुंगीकडे बघितलं, पत्र्यावरचे थेंब ऐकले.

मग तिने आपल्या उजव्या कानाचं तेल बोटांवर निपटून घेतलं आणि शिंपिणीच्या कानाला लावलं. आधी एकाला, मग दुसऱ्याला. शिंपीण दचकली, पण तिने मान मागे घेतली नाही.

"याला हाच वास आवडला," वीटवाली म्हणाली आणि भोपळ्याला उचलून त्याच्या आईच्या मांडीवर ठेवलं. त्याने हुंगलं, जरा शंकेने बघितलं आणि हात वर करून कान धरला. शिंपिणीने पाठ ताठ केली. ती हलली नाही.

आता मुंगी. कान तिच्या मुठीत असतानाच वीटवालीने वाकून तिला शिंपिणीच्या दुसऱ्या मांडीवर, खांद्याशी टेकवून ठेवलं. मग दोन्ही तळव्यांच्या मधे ती मूठ धरली, बोटं न लावता, जशी कच्ची वीट धरतात तशी. श्वास रोखला आणि एका झोकात ती मूठ आपल्या कानावरून उचलून शिंपिणीच्या दुसऱ्या कानावर ठेवली. मुंगीच्या कपाळाला एक आठी पडली आणि परत गेली. जाग आली नाही.

दोन्ही कानांना एकेक पोर, अशी शिंपीण मधोमध ताठ बसली होती. वीटवाली उठली आणि मागे वळून न बघता धावत सुटली. वळून बघितलं असतं तर पाय निघाला नसता.

ती अंगणात पोचली तेव्हा सर धो धो आली होती. नवरा ताडपत्रीचं एक टोक धरून ओरडत होता, सासू दुसरं टोक पायाखाली दाबून उभी होती आणि वारा दोघांनाही खेचत होता. वीटवालीने तिसरं टोक धरलं. वरच्या रांगा झाकल्या गेल्या. ओढ्याकडच्या वाचल्या नाहीत. तिच्या डोळ्यांदेखत विटांच्या कडा गोल झाल्या, मग विटा बसल्या, मग नुसता चिखल.

"अर्धी घटका आधी आली असतीस तर!" नवरा म्हणाला. ते खरंच होतं. तिने ताडपत्रीच्या कडेवर दगड ठेवले. सासूने केसांतलं पाणी पिळलं आणि विचारलं, "मुंगी कुणाजवळ?"

"शिंपीणबाईंजवळ."

"कुणाजवळ?"

"काकूंजवळ," वीटवाली म्हणाली, आणि सर ओसरताच तशीच चिखलाच्या पायांनी परत निघाली.

बालवाडीच्या दारात आया पोरं न्यायला जमल्या होत्या. बाईही वस्तीवरून भिजून आल्या होत्या. सगळ्या आत बघून कुजबुजत होत्या, ही इथे कशी, हिला कुणी बोलावलं. वीटवाली त्यांच्या मधून पायरीवर चढली. या वेळी तिने पाय लपवले नाहीत.

"मी बोलावलं," ती म्हणाली. मग आणखी मोठ्याने, मागच्यांनाही ऐकू जाईल असं म्हणाली, "आणि सुई कधी नव्हतीच. मी खोटं बोलले होते. माझी पोर यांच्याजवळ रमते ते मला बघवलं नाही, म्हणून बोलले."

पत्र्यावरून पागोळ्या गळत होत्या. "तरी मला वाटलंच होतं," असं एक बाई म्हणाली. टाचेतली सुई डोळ्यांनी बघितलेली आजी हळूच छत्रीआड झाली. शिंपिणीने वीटवालीकडे नुसतं बघितलं. हसली नाही. दोन्ही कानांना पोरं होती, मान हलवायची सोय नव्हती.

या गडबडीने मुंगी जागी झाली. डोळे चोळत तिने आधी मुठीतला कान बघितला, मग तो कुणाचा आहे ते बघितलं, आणि मग दारात उभी असलेली, नखशिखांत भिजलेली आई बघितली. तिने काकूंचा कान सोडला, उठली, आणि कमरेवर हात ठेवून, सगळ्या बायकांसमोर, आईला खडसावून विचारलं,

"माझा कान घेऊन कुठे गेली होतीस?"